अंटार्क्टिका मोहीम संपल्यावर निष्कर्ष प्रसिद्ध व्हायला इतकी वर्षे का लागतात?

सांगलीच्या महाविद्यालयातून आलेला हा प्रश्न रास्त आहे. मोहीम परतते तेव्हा हाती असतात ते नमुने आणि नोंदी, निष्कर्ष नव्हेत. बर्फाचे गाभे, म्हणजे बर्फात खोलवर छिद्र पाडून काढलेले लांब दंडगोल, गोठलेलेच वास्को येथील राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्रात आणून शीतकक्षात ठेवतात, कापतात आणि मगच त्यांचे रासायनिक विश्लेषण होते. गाभ्याच्या तुकड्यावर खोली आणि वरची बाजू नोंदलेली नसेल, तर त्यातील थरांचा कालक्रमच हातचा जातो; म्हणूनच हे नोंदींचे काम माझ्या मते शोधनिबंधाइतकेच मोलाचे आहे. त्यानंतर तज्ज्ञांकडून परीक्षण होते, त्यातही बरेच महिने जातात. १९५९ च्या अंटार्क्टिक कराराच्या तिसऱ्या कलमानुसार निरीक्षणे व निष्कर्ष शक्य तितक्या खुलेपणाने उपलब्ध करून द्यायचे असतात, तेव्हा सांगलीत बसूनही या नोंदींचा अभ्यास जरूर करावा.