वाचकांचे प्रश्न : मांसाविना जेवणाची परंपरा किती जुनी?

प्रश्न : आमच्या घरात चार पिढ्यांपासून तुळशीची माळ आहे, त्यामुळे मांस-मच्छी नाही. पुण्यात नोकरीला असलेला माझा मुलगा म्हणतो की शाकाहार ही फक्त भारतातली गोष्ट आहे आणि बाहेरच्या जगात ती गेल्या पन्नास-साठ वर्षांतली टूम आहे. हे खरे आहे का?
— एक वाचक भगिनी, यावल

उत्तर : तुमच्या मुलाचे म्हणणे इतिहासाला धरून नाही. इ.स.पूर्व सहाव्या शतकात ग्रीक जगात पायथागोरस होऊन गेला. भूमितीतल्या सिद्धांतामुळे आपण त्याला शाळेपासून ओळखतो, परंतु माणसाचा आणि प्राण्याचा आत्मा एकच असून तो देहामागून देह बदलतो, अशी शिकवण त्याच्या नावावर आहे, आणि त्याच्या परंपरेत मांस वर्ज्य मानणारे लोक होते. इ.स. तिसऱ्या शतकात पॉर्फिरी या तत्त्वज्ञाने, मांसाहाराकडे परतलेल्या आपल्या एका मित्राला उद्देशून, मांसत्यागाची बाजू मांडणारा अख्खा ग्रंथ लिहिला. अकराव्या शतकात सीरियातील अल-मअर्री या अंध अरबी कवीने मांसच नव्हे, तर दूध, अंडी आणि मधही सोडला, कारण ते सारे त्या जिवांकडून हिरावून घेतलेले आहे असे त्याला वाटत असे. इंग्लंडमध्ये 30 सप्टेंबर 1847 रोजी रॅम्सगेट येथे शाकाहारी मंडळाची स्थापना झाली. 1888 मध्ये लंडनला गेलेल्या तरुण गांधीजींना, आईला दिलेल्या वचनामुळे पाळलेला शाकाहार स्वतःच्या विचाराने स्वीकारण्याचे बळ याच चळवळीतील लोकांकडून आणि त्यांच्या लिखाणातून मिळाले. दूधही वर्ज्य करणाऱ्या व्हीगन लोकांची संस्था 1944 ची आहे.

ही झाली विचारवंतांची परंपरा. माझे स्वतःचे मत असे आहे की एकेकट्या माणसाच्या विचाराने आहाराची रीत फार काळ टिकत नाही. जिथे ती समाजाच्या वार-सणांत शिरली आणि स्वयंपाकघराने तिला चवीची जोड दिली, तिथेच ती पिढ्यान्‌पिढ्या चालली. या दृष्टीने मला इथिओपियाचे उदाहरण सर्वांत मोलाचे वाटते. तेथील ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती लोक मांसाहारी आहेत आणि सणावाराला त्यांच्याकडे कोंबडी किंवा मेंढीचे मांस शिजतेच. तरीही दर बुधवारी व शुक्रवारी, ईस्टरपूर्वी सलग 55 दिवस आणि इतर व्रतांच्या काळात, असे वर्षातले 180 किंवा त्याहून अधिक दिवस श्रद्धाळू माणसे मांस, अंडी, दूध, लोणी यांपैकी काहीही घेत नाहीत. जवळजवळ निम्मे वर्ष असे काढायचे तर नुसत्या उकडलेल्या भाजीवर भागत नाही, म्हणून त्या देशात मसूर, वाटाणा, हरभरा आणि पालेभाज्या यांची स्वतंत्र पाककला उभी राहिली.

त्यातला शिरो हा पदार्थ तुमच्या मुलाला एकदा करून घालावा, असे सुचवतो. बारीक चिरलेला भरपूर कांदा आधी तेल न घालता मंद आचेवर, त्याच्याच पाण्यात, मऊ होईपर्यंत परततात. मग तेल, लसूण आणि बेरबेरे नावाचा लाल मिरचीचा मसाला घालतात, पाणी ओततात आणि भाजलेल्या हरभऱ्याचे पीठ गुठळी होऊ न देता त्यात सोडून, तेल सुटेपर्यंत रटरटू देतात. पिठले करणाऱ्या हाताला यात शिकण्यासारखे फारसे काही नाही, फक्त कांद्याला वेळ द्यायचा. हा शिरो टेफ नावाच्या अतिशय बारीक धान्याच्या आंबवलेल्या, जाळीदार धिरड्याबरोबर, म्हणजे इंजेऱ्याबरोबर खातात. आपल्याकडे ज्वारीच्या भाकरीबरोबरही तो उत्तम लागतो. यात एक जुने नातेही आहे. व्रताच्या दिवसांत लोणी चालत नसल्याने तिथे बियांचे तेल लागते आणि त्यातली एक तेलबी म्हणजे आपली खुरासणी (कारळे), जिचे मूळ स्थान इथिओपियाच्या डोंगराळ प्रदेशात आहे. ज्वारीसुद्धा काही हजार वर्षांपूर्वी ईशान्य आफ्रिकेकडूनच भारतात आली. खान्देशातल्या भाकरीची आणि तिच्यावर घेतलेल्या खुरासणीच्या चटणीची मुळे अशी त्या भूमीपर्यंत जातात.

पूर्वेकडची हकीकत थोडी वेगळी आहे. बुद्धकाळातील भारतीय भिक्षूला भिक्षापात्रात पडेल ते घेण्याची मुभा होती; प्राणी आपल्यासाठी मारला गेल्याचे पाहिलेले, ऐकलेले किंवा तशी शंका आलेली असेल, तरच ते मांस वर्ज्य होते. चीनमध्ये मात्र सहाव्या शतकात लिआंग घराण्याच्या सम्राट वू याने भिक्षूंसाठी मांस आणि मद्य बंद करवले आणि चिनी मठांचे स्वयंपाकघर तेव्हापासून शाकाहारी झाले. टोफूबरोबरच गव्हाच्या चिवट गोळ्याचे अनेक पदार्थ तिथे बनू लागले. आपण कुरडयांसाठी गव्हाचा चीक ठेवतो आणि चोथा गुरांना घालतो. ते लोक कणीक पाण्यात धुऊन चीक काढून टाकतात आणि उरलेला चिवट, प्रथिनयुक्त भाग शिजवतात. जपानमध्ये सम्राट तेम्मू याने इ.स. 675 मध्ये गाय-बैल, घोडा, कुत्रा, माकड आणि कोंबडी यांचे मांस खाण्यास चौथ्या ते नवव्या महिन्यापर्यंत बंदी केली. मासे आणि रानातली शिकार तीत नव्हती, त्यामुळे जपान शाकाहारी झाला असे म्हणता येणार नाही. परंतु गोमांसाविषयीचा संकोच पुढे इतका टिकला की 1872 मध्ये सम्राट मेइजी याने ते उघडपणे खाल्ले, ही त्या देशात मोठी बातमी ठरली. मठांमध्ये मात्र मासेही नव्हते. 1237 मध्ये दोगेन या झेन आचार्याने मठाच्या स्वयंपाक्यासाठी सूचना लिहिल्या, आणि तांदूळ धुण्या-निवडण्याचे काम ध्यानाइतक्याच निष्ठेने करावे असे त्यात बजावले. चीन-जपानच्या बौद्ध मठांत कांदा-लसूणही वर्ज्य असतो, हे चातुर्मास पाळणाऱ्या आपल्या घरांना ओळखीचे वाटेल.

प्रश्न : खान्देश पूर्वीपासून शाकाहारी होता, की हे नंतर आले?
— एक निवृत्त शिक्षक, धुळे

उत्तर : सगळा खान्देश शाकाहारी कधीच नव्हता आणि आजही नाही. काळ्या मसाल्यातला मटणाचा रस्सा इथलाच आहे. सातपुड्यातील भिल्ल आणि पावरा कुटुंबांत कोंबडी आणि मासे पिढ्यान्‌पिढ्या खाल्ले जातात, आणि त्यात कमीपणा मानण्याचे काहीही कारण नाही. देशभराच्या पाहण्यांतही बहुसंख्य भारतीय मांसाहार करतात असेच दिसते. सम्राट अशोकाने इ.स.पूर्व तिसऱ्या शतकात शिलालेखात नोंदवले की आपल्या पाकशाळेत पूर्वी रोज लक्षावधी प्राणी मारले जात, आता दोन मोर आणि एक हरीण एवढेच मारले जातात, हरीणही नेहमी नाही, आणि पुढे तेही मारले जाणार नाहीत. त्यानंतर जवळजवळ चौदाशे वर्षांनी, सुमारे 1130 मध्ये, कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने लिहिलेल्या संस्कृत ग्रंथात रानडुकराचे मांस भाजण्याची कृती आणि डाळीचे वडे शेजारी शेजारी नांदताना दिसतात.

इकडच्या शेतकरी घरांत मांसत्याग रुजवला तो संतपरंपरांनी. तेराव्या शतकात चक्रधरस्वामींच्या महानुभाव पंथाने अहिंसेचा कडक आचार सांगितला. वारकरी पंथाने त्याहून सोपी आणि म्हणून अधिक दूर पोचलेली वाट काढली. मेहूण-कोथळीला मुक्ताबाईंचे स्थान आहे, मुक्ताईनगरहून त्यांची पालखी दरवर्षी पंढरपूरला जाते, आणि या पट्ट्यात गळ्यात माळ घालणे म्हणजे मांस आणि मद्य सोडणे, हे कोणाला समजावून सांगावे लागत नाही. मला यात सर्वांत महत्त्वाचे वाटते ते हे की माळ जन्माने मिळत नाही; कोणत्याही जातीच्या माणसाने ती स्वतः ठरवून घ्यायची असते. त्यामुळे एकाच घरात माळकरी आजोबा आणि मांस खाणारा नातू एकत्र राहतात, आजोबांची भांडी वेगळी ठेवली जातात आणि त्यावरून तंटा होत नाही. बाजारपेठेच्या गावांतील जैन व वैष्णव व्यापारी कुटुंबांचाही वाटा आहेच.

ज्यांनी माळ घेतलेली नाही, त्यांच्यापैकीही अनेक घरे श्रावण पाळतात. त्याच महिन्यात खान्देशची देवी कानबाई घरोघरी येते; तिच्या रोटांना पुरणपोळी, खीर आणि गंगाफळाची भाजी असते. वर एरवी मांस खाणाऱ्या इथिओपियन माणसाच्या व्रतांविषयी लिहिले, ते खान्देशातल्या श्रावणाशी किती जुळते ते पाहावे.

प्रश्न : वांगी आपली, पण मिरची आणि शेंगदाणा परदेशातून आले असे वाचले. मग पूर्वी भरीत कसे करत असतील?
— एक वाचक, अमळनेर

उत्तर : तुम्ही वाचले ते बरोबर आहे. वांगे भारतीय उपखंडातील जुने पीक आहे आणि जळगावच्या भरताच्या हिरव्या वांग्याला 2016 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. मिरची आणि शेंगदाणा ही दोन्ही अमेरिका खंडातली पिके. मिरची सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर आली, आणि शेंगदाण्याची मोठ्या प्रमाणावर लागवड तर एकोणिसाव्या शतकातली. याचा अर्थ, लालभडक तर्रीची शेवभाजी आज आपण खातो तशी पाचशे वर्षांपूर्वी असणे शक्यच नव्हते. त्याआधी तिखटपणा मिरी, पिंपळी आणि आले यांचा, आणि तेल तीळ, करडई किंवा जवसाचे.

तुम्हाला त्या चवीच्या जवळ जायचे असेल, तर वांगी नेहमीप्रमाणे पऱ्हाट्यांच्या जाळावर भाजा, साल काढून लाकडी बडगीत ठेचा आणि तिळाच्या तेलात जिरे, हिंग, ठेचलेले आले व लसूण परतून त्यावर घाला. हिरव्या मिरचीऐवजी जाडसर कुटलेली मिरी, शेंगदाण्यांऐवजी भाजलेले तीळ आणि वरून कांद्याची पात घ्या. मिरी शेवटी घालावी; आधी घातली तर तिचा वास उडतो. चातुर्मास पाळणारी घरे कांदेनवमीनंतर वांगे बंद करतात आणि मार्गशीर्षात चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवून पुन्हा सुरू करतात. शेताच्या दृष्टीनेही हे बरोबर बसते, कारण भरताच्या वांग्याला खरी चव थंडीतच येते.

प्रश्न : मी वसतिगृहात राहते. अंडीही खात नाही. मैत्रिणी म्हणतात की भाकरी-भाजीत प्रोटीन नसते. मी काय खावे?
— एक विद्यार्थिनी, नंदुरबार

उत्तर : घरून कळण्याचे, म्हणजे ज्वारी-उडदाचे, पीठ आणून ठेवा. ज्वारीत शंभर ग्रॅममागे सुमारे 10 ग्रॅम आणि सालासकट उडदात सुमारे 24 ग्रॅम प्रथिने असतात. चार वाट्या ज्वारीला एक वाटी उडीद घेतला, तर पिठात ती 13 ग्रॅमच्या आसपास जातात. त्याहून महत्त्वाचे म्हणजे ज्वारीत लायसिन हे अमिनो आम्ल कमी असते आणि उडदात ते भरपूर असते. उलट उडदात मेथिओनिन कमी, ते ज्वारीतून मिळते. हे शास्त्र माहीत नसतानाही आपल्या आज्या-पणज्यांनी ही जोडी जमवली, याबद्दल मला मनापासून आदर वाटतो. दोन्ही एकाच घासात यायला हवीत असे नाही. दिवसभरात वरण-बट्टी, उसळ, डुबुकवडे, दही यांपैकी काही ना काही पोटात गेले की पुरते. जेवणात लिंबू पिळल्याने डाळी-पालेभाज्यांतील लोह चांगले शोषले जाते, आणि जेवणावर लगेच चहा घेतल्याने ते कमी शोषले जाते, म्हणून चहा तास-दीड तासाने घ्यावा.

मात्र बी-12 या जीवनसत्त्वाविषयी गाफील राहू नका. 1948 मध्ये प्रथम वेगळे काढले गेलेले हे जीवनसत्त्व डाळी, धान्य किंवा भाजीपाल्यातून मिळत नाही. अंडी-मांस न खाणाऱ्याला ते दूध, दही आणि ताक यांतूनच मिळते, आणि वसतिगृहाच्या जेवणात नेमके तेच कमी असते. रोज दूध किंवा वाटीभर दही मिळत नसेल, सतत थकवा येत असेल किंवा हातापायांना मुंग्या येत असतील, तर डॉक्टरांना दाखवून रक्तातील बी-12 आणि हिमोग्लोबिन तपासून घ्या आणि त्यांनी गोळ्या दिल्या तर त्या सांगितलेल्या मुदतीपर्यंत घ्या.