साडेसात फूट उंचीच्या खोलीत ड्रम रेकॉर्ड केले की ओव्हरहेड डब्यासारखे का वाजतात?

तुम्ही लिहिलंय की छत साडेसात फुटांवर आहे, माइक बदलून झाले, भिंतींना फोम लावून झाला, तरी ओव्हरहेडमध्ये, म्हणजे ड्रमच्या वर टांगलेल्या माइकमध्ये, ड्रम डब्यात बसून वाजवल्यासारखे येतात. माझी खोली तुमच्याहून दोन बोटं बुटकीच असेल, त्यामुळे दुखणं ओळखीचं आहे. मीही आधी माइकवरच खापर फोडलं होतं. दोन दिवसांसाठी भारीतले कंडेन्सर माइक भाड्याने आणले. डबा तोच राहिला, फक्त जास्त स्वच्छ ऐकू आला.

गोम आहे ती माइक आणि छत यांच्यातल्या अंतरात. ओव्हरहेड छताखाली दीड फुटावर असेल तर खालून येणारा आवाज एकदा थेट माइकमध्ये शिरतो आणि तोच छताला आपटून, तीन फूट जास्त फिरून, साधारण पावणेतीन मिलिसेकंद उशिरा परत येतो. दोन्ही एकत्र झाले की १९० हर्ट्झच्या आसपास खड्डा पडतो, म्हणजे तेवढे सूर दबतात, मग ५६०ला, मग ९४०ला. पहिला खड्डा नेमका स्नेअरच्या, म्हणजे ड्रमरच्या पुढ्यातल्या खणखणीत ड्रमच्या, पोटात! इक्यूने (सूर नंतर कमी-जास्त करण्याच्या सोयीने) तो भरत नाही, कारण जे खाल्लं गेलं ते रेकॉर्डच झालेलं नसतं.

खात्री करायची तर ड्रमरला राइड सिम्बल (मोठी झांज) वाजवत ठेवा, हेडफोन लावा आणि माइक हातात धरून हळूहळू छताकडे न्या. डोक्यावरून विमान गेल्यासारखा एक ‘श्शूऽऽ’ सरकताना ऐकू येईल.

तेव्हा एक तर छतापासून लांब राहा, नाहीतर त्याला चिकटा. मी बहुतेक वेळा लांब राहतो: ड्रमरच्या खांद्यामागून, त्याच्या कानाच्या उंचीवरून स्नेअरकडे रोखलेला एकच माइक. हो, मोनो, डावं-उजवं वेगळं नाही. दोन हवेच असतील तर स्नेअरपासून दोन्हींचं अंतर दोरीने मोजून सारखं ठेवा. चिकटायचं असेल तर चपटा बाउंड्री माइक टेपने छतालाच लावा. तिथे थेट आणि परतलेला आवाज एकदमच पोचतात, मग खड्डा पडणार कशाने? रिबन माइक मात्र वर टांगू नका. तो बहुधा फिगर-एट असतो, म्हणजे त्याची पाठही पुढच्या बाजूइतकंच ऐकते, आणि ती छताकडे असते.

फोमबद्दल: इंचभर फोम सिम्बलची चमक पितो, १९० हर्ट्झचं त्याला काही कळत नाही. त्यापेक्षा चार इंची रॉकवूलचे (दगडी लोकरीचे) कापडात गुंडाळलेले दोन पॅनेल किटच्या बरोबर वर, छतापासून थोडी फट सोडून टांगा. उंची आणखी कमी होते हे खरं. माझ्या पॅनेलवर क्रॅश सिम्बलच्या बाजूला काठीच्या टोकाचे खळगे पडलेत.

याहून जास्त फरक पाडतो तो ड्रमरचा हात. सिम्बल हलके, ड्रम जोरात. बिनपैशाचा उपाय, पण ड्रमरच्या गळी उतरवणं महाकठीण.

मोठ्या हॉलचा भास हवा असेल तर रूम माइक, म्हणजे खोलीचा घुमारा टिपणारा माइक, खोलीत लावूच नका. दार अर्धं उघडा, माइक बाहेर पॅसेजमध्ये किटकडे पाठ करून ठेवा, आणि टेक संपेपर्यंत तिकडे कुणी फिरकणार नाही एवढं बघा.