मोठ्या कारप्रवासात मधला रविवार नातेवाइकांकडे काढणं म्हणजे दिवस वाया घालवणं का?

तुम्ही लिहिलंय, दहा दिवसांची ट्रिप आहे, बायको म्हणते मधला रविवार तिच्या मामाकडे आरामात काढू, आणि तुमचं म्हणणं तेवढ्यात दोन ठिकाणं बघून होतील. वाचून क्षणभर वाटलं, आमच्याच नवऱ्यानं नाव बदलून प्रश्न टाकलाय.

मामाकडे जा. पुढचं सगळं आमच्या घरातलं जुनं भांडण आहे, वेळ असेल तर वाचा.

२०२२ चा डिसेंबर. पुण्याहून विजापूर, बदामी, हंपी आणि येताना बेळगाव. गाडीत आम्ही दोघं, दोन पोरं आणि सासूबाई. नवऱ्यानं तक्ता केला होता, त्यात चहाच्या वेळासुद्धा होत्या. गोलघुमटाच्या सज्जात पोरांनी घसा बसेपर्यंत आरोळ्या ठोकल्या, बदामीच्या पायऱ्यांवर सासूबाईंचे गुडघे बोलायला लागले आणि हंपीचं म्हणाल तर ऊन तेवढं आठवतंय. शनिवारी होस्पेट सोडलं तेव्हा गाडीत कुणी कुणाशी बोलत नव्हतं. हुबळी-धारवाडचा बायपास तेव्हा दोनपदरीच होता. तिथं गाडी हळूहळू उजवीकडे सरकायला लागली. समोरून ट्रक. सासूबाई मागून लेकाचं नाव घेऊन अशा ओरडल्या की झोपलेला धाकटा दचकून रडायला लागला. नवरा आजही सांगतो, डोळ्यात कचरा गेला होता. दोन्ही डोळ्यांत, एकदम?

रात्री बेळगावला टिळकवाडीत मावशीकडे टेकलो. तक्त्यात रविवार असा होता: सकाळी सातला गोकाकचा धबधबा, परत येऊन किल्ला, मग खरेदी. सातला कुणीच उठलं नाही. नऊला मावशीनं तो तक्ता शांतपणे ऐकून घेतला आणि म्हणाली, "जावा की, कोण नको म्हणतंय? चहा तेवढा घेऊन जावा." चहामागून तव्यावरची भाकरी आली आणि वर लोण्याचा गोळा. बेळगावचं लोणी ज्यानं खाल्लंय त्याला पुढचं सांगायला नको. नवरा 'पाच मिनिटं' म्हणून व्हरांड्यातल्या झोपाळ्यावर कलंडला, तोंडावर 'तरुण भारत' घेऊन. साडेनऊ झाले होते. उठला पावणेदोनला. मधे पेपर घसरून खाली पडला, काकांनी तो उचलून वाचून पुन्हा त्याच्या तोंडावर ठेवला. फोटो आहे माझ्याकडे.

तेवढ्यात मी सहा दिवसांचे कपडे भिजवले. बादलीतलं पाणी बदामीच्या दगडासारखं तांबडं झालं, तिसऱ्या पाण्यापर्यंत निवळेना. सहा दिवस हॉटेलचं खाऊन वैतागलेल्या सासूबाईंनी मऊ भात आणि मेतकूट मागून घेतलं, आणि मग दोघी म्हाताऱ्या मटार सोलत सुनांची उणीदुणी काढत बसल्या. मी समोर बसलेली असताना! मी उठायला लागले की मावशी म्हणायची, "मी करतो की, तू बस गे." आजी 'करतो' का म्हणते, यावर पोरांची दिवसभर करमणूक झाली.

आणि ठिकाणं म्हणाल तर संध्याकाळी काका पोरांना चालत काँग्रेस विहिरीवर घेऊन गेले. १९२४ च्या अधिवेशनासाठी खणलेली विहीर. गांधीजी आयुष्यात एकदाच काँग्रेसचे अध्यक्ष झाले, ते याच अधिवेशनात. थोरल्याला विजापूरचा कुठला आदिलशहा ते आज आठवत नाही, पण ही विहीर आठवते, कारण परत येताना काकांनी कुंदा खाऊ घातला.

तरी त्यानंतर प्रत्येक ट्रिपच्या आधी मी ऐकत आलेय: "तुझ्या मावशीमुळे गोकाक राहिलं." बरं. गेल्या फेब्रुवारीत एका लग्नाला बेळगावला गेलो होतो, तेव्हा मीच हट्टानं त्याला गोकाकला नेलं. साठ-पासष्ट किलोमीटर. ५२ मीटरचा तो कडा खरोखर बघण्यासारखा आहे, पण घटप्रभेचं पाणी कड्यावरून कोसळतं ते पावसाळ्यात. आम्हाला दिसले काळे कोरडे खडक आणि एका कोपऱ्यातून आलेला ओघळ. डिसेंबरात जरा जास्त असेल, मान्य. नवऱ्यानं झुलत्या पुलाचे तीन फोटो काढले, तिथल्या करदंट मिठाईचा डबा घेतला आणि बेळगाव येईपर्यंत रेडिओ ऐकला.

आता तुमच्या बाजूनंही एक गोष्ट लिहायलाच हवी. माझा तो रविवार आरामात गेला, तो मावसभावाच्या बायकोच्या जिवावर. ती शाळेत शिकवते, तिला तेवढी एकच सुट्टी, आणि त्या दिवशी तिनं आठ माणसांचा स्वयंपाक केला. मावशी 'मी करतो' म्हणत होती खरी, पण चपात्या वहिनीनंच लाटल्या. हे माझ्या लक्षात आलं ते घरी पोचल्यावर, दोन दिवसांनी. तेव्हा जाल तर मामींना आठवडाभर आधी फोन करा, किती माणसं आणि कधी येणार ते नीट सांगा, एका वेळचं जेवण बाहेरून आणा आणि निघताना अंथरुणाच्या घड्या स्वतः घाला. मामाशी नुसत्या गप्पा मारत बसू नका. मामा-मामींशी पटत नसेल किंवा घर दोन खोल्यांचं असेल तर सरळ हॉटेल घ्या, पण रविवारी गाडीची किल्ली बायकोकडे द्या.

आमचा तक्ता आता नव्यानं तयार होतोय, ऑगस्टातल्या गोकाकचा. मी वहिनीला आधीच विचारून ठेवलंय. म्हणाली, "या की. चपात्या भावोजी लाटणार असतील तर दोन दिवस राहा."

त्याला अजून सांगितलेलं नाही.