पीएच.डी., तिशी आणि बायोडाट्यातली एक ओळ

‘मॅडम, पोरगी हुशार आहे, त्यात वाद नाही. पण पीएच.डी.ला पाच-सहा वर्षं म्हणजे वय तिशीला टेकलं. मग स्थळं कुठून आणायची?’

परभणीत समुपदेशन करताना हा प्रश्न मला सारखा ऐकायला मिळतो. कधी मुलगी एमपीएससीची तयारी करणारी असते, कधी एम.डी.ला लागलेली. या वेळी ती सैद्धांतिक भौतिकशास्त्राची होती, म्हणून काळजीत आणखी एक भर होती. डॉक्टर कळतो, इंजिनियर कळतो. ही शिकून नेमकी कोण होणार, हे घरात कुणालाच सांगता येत नव्हतं.

वडिलांचं जिंतूरकडे कृषी सेवा केंद्र. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) मुलगी दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेली. बारावीला सगळ्यांसारखी तिलाही लातूरला नीटच्या क्लासला घातलं होतं. तिथून ती बी.एस्सी.ला आली, तेव्हा घरात सुतकच पडलं होतं म्हणे. पुढे नांदेडच्या विद्यापीठातून एम.एस्सी., मग नेट-जेआरएफ (संशोधनासाठी महिन्याला पैसे मिळवून देणारी राष्ट्रीय परीक्षा), आणि आता बाहेरच्या राज्यातल्या एका संशोधन संस्थेत निवड. वय 23.

वडिलांना मी लग्नाचं काही न बोलता विचारलं, ‘पीएच.डी. झालेलं तुमच्या ओळखीत कोण आहे?’ ते लगेच म्हणाले, ‘पुतण्या. केमिस्ट्रीत डॉक्टर झाला. चार वर्षं झाली, कॉलेजात तासिकेवर शिकवायलाय. परमनंट व्हायचं तर लोक काय काय सांगायलेत.’ खरी धास्ती इथं होती. पीएच.डी. म्हणजे तासाच्या हिशोबानं मिळणारे पैसे आणि सुट्टीत बिनपगारी घरी बसणं, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. मराठवाड्यातल्या बापाला ही भीती वाटणं मला अजिबात चुकीचं वाटत नाही.

म्हणून कागद घेतला आणि वर्षं मांडली. पहिलं वर्ष कोर्सवर्क, मग गाईड, मग संशोधन. धरून चालू, 28 किंवा 29 व्या वर्षी पदवी. जेआरएफला पहिली दोन वर्षं महिना 37,000 रुपये, त्यानंतर 42,000, शिवाय घरभाडं. वडिलांनी चष्मा काढला. ‘म्हणजे मला पैसे पाठवायचे नाहीत?’ नाही. मुलगी शिकायला जातेय म्हणजे खर्च, हाच हिशोब घरात चालला होता. महिन्याला एवढे पैसे तिच्या खात्यावर जमा होणार, हे कुणी नीट सांगितलंच नव्हतं.

पुढचा भागही त्याच कागदावर लिहिला, कारण तो लपवला तर समुपदेशनाला अर्थ राहत नाही. पीएच.डी.नंतर पोस्टडॉक, म्हणजे दोन-तीन वर्षांची कराराची नेमणूक, पुष्कळदा परदेशात, आणि एकाहून जास्त वेळा. कायमची जागा मिळायला 33-35 वय होतं, आणि सगळ्यांना ती मिळत नाही. ज्यांना मिळत नाही त्यांतले बरेच जण गणित आणि प्रोग्रॅमिंगच्या जोरावर डेटा सायन्स, बँकिंग, सॉफ्टवेअरकडे वळतात. ‘स्वप्नांचा पाठलाग कर’ असं सांगून मोकळं होणाऱ्यांचा मला राग येतो. पाठलाग किती वर्षांचा आणि मधे जेवायचं काय, तेही सांगायला हवं.

भौतिकशास्त्रज्ञ रोहिणी गोडबोले यांचं उदाहरण मी दिलं, पण प्रेरणा म्हणून नव्हे, तारखांसाठी. पुण्यात 1952 साली जन्म, स. प. महाविद्यालय, मग आयआयटी मुंबई, 1979 मध्ये अमेरिकेत स्टोनी ब्रूकहून पीएच.डी. परत आल्यावर मुंबईत टीआयएफआर या संशोधन संस्थेत तात्पुरती नेमणूक. 1982 पासून मुंबई विद्यापीठात शिकवणं. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत त्या गेल्या 1995 साली, म्हणजे 42 व्या वर्षी. पद्मश्री 2019 मध्ये. कणभौतिकीत मोठं नाव असलेल्या बाईंची एक तपाहून जास्त वर्षं विद्यापीठात वर्ग घेण्यात गेली, आणि संशोधन त्याच्या जोडीनं चाललं होतं. वडिलांना हे पटलं, कारण यात चमत्कार काहीच नव्हता.

मग त्यांनीच विचारलं, ‘औंढ्याला ते लायगो होणार आहे म्हणतेत. तिथं लागेल का हिला नोकरी?’ हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ गुरुत्वीय लहरी (अवकाश-काळातले अतिसूक्ष्म कंप) टिपणारी वेधशाळा होणार आहे. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, आणि एप्रिल 2023 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं त्यासाठी 2,600 कोटी मंजूर केले. मी म्हटलं, नोकरीचं वचन कुणीच देऊ शकत नाही, पण तुमची मुलगी काय करते ते त्यावरून सांगता येईल. श्रावणी सोमवारी औंढ्याच्या गर्दीत आपल्या माणसाची हाक ओळखू येते, कारण तो आवाज आधीच ओळखीचा असतो. इथं उपकरणात नुसता गोंगाट येतो. त्यात दोन कृष्णविवरं आदळल्याची लहर कशी दिसेल, हे आधी कुणीतरी कागदावर आणि संगणकावर काढून ठेवावं लागतं. मग त्या नमुन्याशी गोंगाट ताडून पाहायचा. अशी जुळवाजुळव करायची पद्धत बसवण्यात पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेतल्या संजीव धुरंधर आणि बी. एस. सत्यप्रकाश यांचं 1990 च्या दशकाच्या सुरुवातीचं काम आहे. पहिली लहर प्रत्यक्ष सापडली 14 सप्टेंबर 2015 ला. ‘म्हणजे यंत्र नंतर, हिशोब आधी,’ वडील म्हणाले. मला याहून सोपं सांगता आलं नसतं.

मुलगी नंतर एकटी भेटायला आली. तिची काळजी वेगळीच होती आणि ती घरात कुणाला माहीत नव्हती. ‘थिअरी जिनियस लोकांसाठी असते मॅडम. इंटरव्ह्यूला आलेली मुलं फटाफट बोलायली होती. मी इंग्रजीत वाक्य जुळवेपर्यंत प्रश्न पुढं गेलेला असायचा.’

‘सायन्स’ या नियतकालिकात 2015 मध्ये अमेरिकेतल्या विद्यापीठांमधला एक अभ्यास आला होता: ज्या विषयांत लोक मानतात की यश उपजत प्रतिभेवरच मिळतं, त्या विषयांत पीएच.डी. करणाऱ्या बायकांचं प्रमाण कमी दिसतं. हे तिला सांगितलं, पण अभ्यास ऐकून कुणाची भीती जात नाही. म्हणून तिला वही काढायला लावली. क्वांटम मेकॅनिक्सचं एक गणित होतं. पहिल्या पानावर निळं पेन, तिसऱ्या पानावर सगळं काट मारलेलं, त्यापुढं वेगळ्या तारखा टाकलेली पानं, आणि एका समासात पेन्सिलनं बारीक अक्षरात ‘इथं ऋण चिन्ह सुटलं’. त्याखाली पुन्हा सगळं नव्यानं. मला त्यातलं गणित कळत नाही. पण एवढं कळलं की एका सुटलेल्या चिन्हामागं ही मुलगी अनेक दिवस बसली होती, आणि तिला कुणी बसवलं नव्हतं. ‘तिथं तुला हेच करायचंय ना?’ विचारल्यावर ती हसली. इंग्रजी बोलण्याचा सराव वेगळा करायचा ठरलं. तो प्रश्न सरावाचा आहे, अकलेचा नाही.

राहिली आई. त्या गप्प होत्या, पण पर्समध्ये बायोडाटा घेऊन आल्या होत्या. शिक्षणाच्या रकान्यात लिहिलं होतं: ‘एम.एस्सी. (फिजिक्स), पुढे शिकण्याची आवड’. मी विचारलं, ही आवड पाहुण्यांनी ‘नको’ म्हटल्यावर सोडायची आहे का? मुलगीच म्हणाली, नाही. मग स्थळं बघणं थांबवायचं नाही, पण ओळ बदलायची, असं ठरलं. नवी ओळ मुलीनं लिहिली: ‘पीएच.डी. सुरू आहे, पूर्ण करणार. त्यानंतर कामासाठी परगावी किंवा परदेशी राहावं लागेल.’

‘एवढं लिहिलं तर निम्मी स्थळं गळतेत,’ आई म्हणाल्या. गळतात. मी त्यांना उलट आश्वासन दिलं नाही. पण लग्न झालं की पीएच.डी. सुटतेच, असंही नाही, हे सांगितलं: यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) 2022 च्या नियमांत स्त्रियांना पदवी पूर्ण करायला दोन वर्षं जास्तीची सवलत आहे, आणि मातृत्व किंवा बालसंगोपनासाठी 240 दिवसांपर्यंत रजाही. आईंनी तो आकडा बायोडाट्याच्या पाठीमागं लिहून घेतला.

मुलगी गेली. पहिल्या वर्षातच एक बोलणी बरीच पुढं गेली आणि पोस्टडॉकच्या मुद्द्यावर थांबली. मंडळी ती ओळ वाचूनच आली होती, तरी थांबली. आईंचं जेवणावरून मन उडालं. मुलीची त्याच आठवड्यात कोर्सवर्कची परीक्षा होती, तिनं ती दिली. सध्या पाहुण्यांचं येणं कमी आहे. ओळ मात्र कुणी बदललेली नाही.