‘नर्फ’ आला कुठून?

प्रश्न असा: फायटिंग गेममध्ये बॅलन्स पॅच (पात्रांची ताकद जुळवणारे अपडेट) आला आणि एखाद्या पात्राची हातखंडा चाल बदलली, की सगळे ‘नर्फ झाला’, म्हणजे जोर कमी केला, असे म्हणतात. हा शब्द कुठला, आणि मराठीत काय म्हणावे?

आधी ही सवय सोडा, की बदल दिसला रे दिसला की नर्फ! चालीचा डॅमेज (समोरच्याला होणारी इजा) घटवला, पण ती पूर्वीपेक्षा लवकर सुटू लागली, तर तो सरसकट नर्फ कसा? ‘बफ’ उलट अर्थाचा, त्यावर वेळ घालवत नाही.

नर्फ हा खेळण्यांचा ब्रँड. पार्कर ब्रदर्सने १९७० च्या सुमारास घरात खेळायचा स्पंजाचा चेंडू या नावाने आणला. पुढे १९९७ मध्ये निघालेल्या ‘अल्टिमा ऑनलाइन’ या ऑनलाइन गेममध्ये तलवारींचा जोर कमी केला गेला, तेव्हा आता नर्फच्या बॅटने लढायचे का, अशी ओरड झाली. क्रियापद रुजले ते तिथे.

पण ब्रँडला हे नाव का? ती आद्याक्षरे आहेत असे ठासून सांगणारे पुष्कळ भेटतात. साफ चूक! असले विस्तार शब्द रूढ झाल्यावर जुळवलेले असतात. चेंडूच्या कितीतरी आधी अमेरिकन मोटारशर्यतींत ‘नर्फ बार’ होता. गाड्या एकमेकींना घासल्या तरी चाकात चाक अडकू नये म्हणून बाहेरून बसवलेला दांडा. ‘नर्फ करणे’ म्हणजे पुढच्या गाडीला ढुशी देणे. माझ्या मते मूळ हेच: ढुशी, मग ढुशी झेलणारा दांडा, मग लागत नाही असा चेंडू, आणि शेवटी लागत नाही अशी तलवार. किती सुंदर प्रवास आहे हा!

टेकन या फायटिंग गेममध्ये तर नर्फ डॅमेजला न शिवताही होतो. चाल ब्लॉक झाल्यावर, म्हणजे समोरच्याने अडवल्यावर, तुम्ही सावरण्यात त्याच्यापेक्षा ९ फ्रेम (पडद्यावरची एकेक चित्रे) मागे राहिलात तर सेफ, कारण सर्वांत जलद जॅबला (झटपट ठोशाला) १० फ्रेम लागतात. पॅचने ९ चे १० केले, म्हणजे सेकंदाचा फक्त साठावा भाग वाढवला, की त्याच चालीवर हमखास पनिश, म्हणजे टाळता न येणारा उलटवार. बटणे तीच, डॅमेज तोच, पण ती चाल आता बिनधास्त टाकता येत नाही.

म्हणून नर्फला ‘दुर्बलीकरण’ सुचवणाऱ्यांचे मला मुळीच पटत नाही. दुर्बल होते ते पात्र. चाल बोथट होते. २०२० च्या इव्हो जपान या स्पर्धेत टेकन ७ च्या शेवटच्या आठांत सहा जण लीरॉय हे पात्र घेऊन उतरले होते. त्यानंतरच्या पॅचने लीरॉयच्या चाली बोथट केल्या, असे खुशाल म्हणा.