राखेचा बुधवार जवळ आला की... वाचकांचे प्रश्न

यंदा, म्हणजे २०२६ ला, राखेचा बुधवार, म्हणजे कपाळावर राख लावून ईस्टरच्या आधीचा उपवासकाळ सुरू होतो तो दिवस, १८ फेब्रुवारीला आहे आणि ईस्टर ५ एप्रिलला. ख्रिसमस आत्ता तर झाला असं म्हणता म्हणता उपवासकाळ दारात येऊन उभा राहिलाय, आणि पत्रं नि मेसेज पण त्याच विषयाचे जास्त आलेत. त्यातले पाच घेतेय.

ताई, मी कॉयरमध्ये (चर्चच्या गायकवृंदात) गाते आणि अल्टरची (वेदीची) सजावट पण बघते. दरवर्षी उपवासकाळ आला की आमच्यात वाद ठरलेला. आलेलुयाचा जयघोष नाही, ग्लोरियाचं स्तुतिगीत नाही, फुलं नाहीत, मग लोक म्हणतात मिस्सा (चर्चमधली उपासना) एकदम कोरडी वाटते. नक्की काय चालतं आणि काय नाही?

आधी नियम सांगते म्हणजे वाद तरी मिटेल. राखेच्या बुधवारपासून ते थेट ईस्टरच्या आदल्या रात्रीच्या जागरण विधीपर्यंत आलेलुया नाही, शुभवर्तमानाच्या (येशूच्या चरित्रातल्या वाचनाच्या) आधी दुसरा जयघोष घ्यायचा. ग्लोरिया नाही, पण १९ मार्चला संत योसेफाचा सण आणि २५ मार्चला मरियेला देवदूताने निरोप दिला तो सण, ह्या दोन दिवशी आहे, आणि नेमकं तेच कॉयरवाले विसरतात कारण हे सण बहुतेक वेळा आठवड्याच्या मधल्या वारी येतात आणि तेव्हा कॉयर नसतंच. अल्टरवर फुलं ठेवायची नाहीत, ऑर्गन नि बाकीची वाद्यं फक्त गाण्याला साथ म्हणून, नुसती वाजवायची नाहीत. ह्यातून सूट त्या सणांना आणि चौथ्या रविवारी, तो यंदा १५ मार्चला येतोय, त्या दिवशी फादर गुलाबी वस्त्र पण घालू शकतात.

आता कोरडं वाटण्याबद्दल. मला विचाराल तर ते वाटायलाच हवं. घरातलं कुणी गावाला गेलं की त्याची खुर्ची रिकामी दिसते ना, तसं आलेलुयाचं आहे, सात आठवडे ते गायचं नाही म्हणूनच त्या रात्री ते परत ऐकू आलं की अंगावर काटा येतो. पण त्यासाठी ते गेलंय हे लोकांना कळायला तर हवं! पूर्वी उपवासकाळाच्या आधी तीन रविवारांचा वेगळा तयारीचा काळ असायचा, जांभळी वस्त्रं तेव्हापासूनच यायची आणि आलेलुया पण तेव्हाच थांबायचं. १९६९ च्या नव्या कॅलेंडरमध्ये तो काळ निघाला, त्यामुळे आता मंगळवारी हिरवं आणि बुधवारी एकदम जांभळं, मन वळायला मधे जागाच नाही. म्हणून तुमच्या कॉयरने एक करावं, १५ फेब्रुवारीच्या रविवारी आलेलुया अगदी मन लावून गावं, शेवटच्या गीतातही ते असू द्यावं, आणि कुणीतरी एका वाक्यात सांगावं की आता हे आपण ईस्टरच्या रात्री गाऊ. आम्ही हे सुरू केलं त्या वर्षी लहान मुलं घरी जाऊन आईबाबांना विचारत होती की आलेलुया कुठे गेलं. वर्गात शिकवून जे झालं नसतं ते एका रविवारात झालं.

माझी आई ७१ वर्षांची आहे, डायबेटिस आहे, इन्सुलिन घेते. तरी राखेच्या बुधवारी आणि गुड फ्रायडेला दिवसभर काही खात नाही, म्हणते देव बघून घेईल. गेल्या वर्षी चक्कर येऊन पडली. तिला कसं समजावू?

चर्चचा नियमच तिला दाखवा, कारण अशा माणसांना नियमाचा आधार लागतो, आपल्या विनवण्यांचा नाही. उपवासाचं बंधन १८ वर्षं पूर्ण झाल्यापासून ते ५९ वर्षं पूर्ण होईपर्यंतच आहे. तुमच्या आईचं ते १२ वर्षांपूर्वीच संपलंय. मांस न खाण्याचा नियम १४ वर्षं पूर्ण झालेल्या सगळ्यांना आहे, त्याला वरची वयाची मर्यादा नाही, तो तिने जरूर पाळावा, पण आजारपणात तोही सुटतो. आणि दिवसभर काहीच न खाणं हा तर चर्चचा उपवास नव्हेच, पोप सहावे पॉल ह्यांनी १९६६ मध्ये नियम घालून दिले त्यात दिवसाला एक पोटभर जेवण आणि सकाळ-संध्याकाळ थोडंसं खाणं असंच आहे. ते सुद्धा धडधाकट माणसांसाठी.

पण नुसतं "तुला नियम लागू नाही" म्हणालात तर तिला वाटेल की आपल्याला बाजूला काढलं. इतकी वर्षं जे देवाला दिलं ते आता घेत नाहीत म्हणल्यावर कुणालाही वाईट वाटेल. म्हणून तिला दुसरं काहीतरी द्या. राखेच्या बुधवारचं शुभवर्तमान मत्तयच्या सहाव्या अध्यायातलं आहे, त्यात दान, प्रार्थना आणि उपवास अशा तीन गोष्टी येशू एकत्र सांगतो, आणि उपवास त्यात शेवटी येतो. तुमच्या पॅरिशमध्ये (चर्चच्या स्थानिक मंडळीत) अंथरुणाला खिळलेले लोक असतीलच, रोज त्यातल्या एकासाठी आईने रोझरी (जपमाळेची प्रार्थना) म्हणावी, आणि फोन करता येत असेल तर त्यांना सांगावं पण की आज तुमच्यासाठी म्हणतेय. शक्य झालं तर फादरांना सांगा हे तिला घरी येऊन समजवा म्हणून, आईला तुमच्यापेक्षा त्यांचं पटेल, त्यात कमीपणा मानू नका. आणि औषधाच्या वेळा डॉक्टर सांगतील तशाच, त्यात तडजोड नको.

गेल्या वर्षी झावळ्यांच्या रविवारी मिळालेल्या झावळ्या घरात क्रूसामागे आहेत, त्या टाकायच्या कशा? आणि आमच्याकडे उपवासकाळात पवित्र पाण्याचं भांडं रिकामं करून त्यात वाळू भरतात, हे बरोबर आहे का?

झावळ्या टाकू नका, चर्चमध्ये नेऊन द्या, त्याच जाळून बुधवारची राख होते. बहुतेक ठिकाणी आधीच्या एक-दोन रविवारी टोपली ठेवतात, नसेल ठेवली तर ऑफिसला विचारा. माझ्या मुलांना मी दरवर्षी सांगते की ज्या झावळ्या हलवून आपण होसान्ना ओरडलो त्यांचीच राख आता आपल्या कपाळावर येणार, आणि दरवर्षी ती शांत होतात.

वाळूचं मात्र बरोबर नाही. रोमहून २००० मध्येच ह्यावर स्पष्ट उत्तर आलंय की उपवासकाळात पवित्र पाणी काढून घेऊ नये. ते पाणी आपल्याला स्नानसंस्काराची (बाप्तिस्म्याची) आठवण देतं आणि उपवासकाळ तर त्याच आठवणीचा आहे. गुड फ्रायडे आणि पवित्र शनिवारी रिकामं असतं, तेवढंच. फादरांच्या कानावर प्रेमाने घाला, सगळ्यांसमोर नको.

माझे मिस्टर कॅथलिक नाहीत, पण वर्षभर ते शिकवणीला जातायत आणि ह्या ईस्टरच्या रात्री त्यांचा स्नानसंस्कार आहे. त्यांनी राख घेतली तर चालेल का? आणि खरं सांगायचं तर पॅरिशमध्ये त्यांना कुणी ओळखत सुद्धा नाही, मिस्सा झाली की आम्ही दोघं गुपचूप घरी.

राख नक्की घ्यावी. राख हा संस्कार नाही, कुणीही पुढे येऊन घेऊ शकतं.

तुमचं दुसरं वाक्य वाचून मात्र मला फार वाईट वाटलं. हा उपवासकाळ मुळात तुमच्या मिस्टरांसारख्यांसाठीच आहे हो! सुरुवातीच्या चर्चमध्ये ईस्टरला ज्यांना स्नानसंस्काराचं पाणी घ्यायचं त्यांची ही शेवटची तयारी, आणि बाकीचे त्यांच्यासोबत उपवास करायचे. अजूनही तसंच आहे, पहिल्या रविवारी, यंदा २२ फेब्रुवारीला, निवडीचा विधी असतो, बिशपांसमोर नावं नोंदवली जातात. मग तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या रविवारी सगळ्या पॅरिशसमोर त्यांच्यासाठी खास प्रार्थना होते, आणि त्या तीन रविवारची शुभवर्तमानं म्हणजे विहिरीवरची शोमरोनी बाई, जन्मापासून आंधळा असलेला माणूस आणि लाजरस. तहान, उजेड, जीवन. त्यांना त्या आठवड्यात हे आधी वाचून जायला सांगा.

आणि हे वाचणाऱ्या पॅरिश कौन्सिलच्या लोकांना माझी हात जोडून विनंती आहे, तुमच्याकडे ह्या वर्षी कोण पाणी घेणार आहे ते आत्ता विचारून घ्या, त्यांची परवानगी घेऊन मिस्सामध्ये त्यांचं नाव सांगा, प्रत्येकासाठी दोन घरं ठरवा जी त्यांच्या शेजारी बसतील. क्रूसाच्या वाटेच्या प्रार्थनेची ड्युटी लिस्ट, साऊंड सिस्टिम, खुर्च्या हे सगळं होतंच दरवर्षी. ताई, तुम्ही सुद्धा पुढच्या रविवारी लगेच घरी जाऊ नका, गॉडपॅरेंट (स्नानसंस्काराचे धर्मपालक) कोण आहेत त्यांना गाठा आणि सांगा आम्हाला चार लोकांना भेटवा.

१९ वर्षं झाली, मी कन्फेशनला (फादरांसमोर पापांची कबुली द्यायला) गेलो नाही. वडिलांच्या अंत्यविधीच्या वेळी तेव्हाच्या फादरांशी वाजलं होतं, मग राहूनच गेलं. आता मुलीचं पहिलं कम्युनियन (पहिल्यांदा पवित्र भाकर घेणं) आहे आणि ती विचारते, पप्पा तुम्ही का रांगेत येत नाही. राखेच्या बुधवारी चर्चला यावंसं वाटतं पण वाटतं की आधी हिशोब, मग राख. शिवाय काय सांगायचं ते आठवत पण नाही.

दादा, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं.

आधी तुमचा क्रम उलटा करा. राखेसाठी काहीही अट नाही, पश्चात्ताप करायचाय अशांसाठीच तर ती आहे. तुम्ही बुधवारी या, मुलीला सोबत घेऊन या, दोघांच्याही कपाळावर राख लागू दे. कम्युनियनसाठी कन्फेशन लागेल, ते नंतर करू.

वडिलांच्या अंत्यविधीच्या वेळी जे झालं त्यात कुणाचं चुकलं ते मी इथून सांगू शकत नाही, पण माणूस आधीच कोसळलेला असतो त्या दिवशी कुणी कठोर बोललं तर ते १९ वर्षं राहू शकतं, हे मी आणखी दोघा-तिघांच्या बाबतीत पाहिलंय. तो राग तुम्ही आत घेऊन जाऊ शकता, कन्फेशनमध्ये ते पण बोलता येतं. आणि तुमच्याच पॅरिशमध्ये जायला हवं असंही नाही. चर्चच्या कायद्यातच आहे की माणसाला हव्या त्या अधिकृत धर्मगुरूकडे कन्फेशन करता येतं, दुसऱ्या पॅरिशचे सुद्धा चालतील, जाळीमागून करायचं असेल तर तेही तुमच्या हातात आहे. आत जे बोललं जातं ते फादर कुणालाही सांगू शकत नाहीत, ते गुपित जाणूनबुजून फोडणारा धर्मगुरू आपोआप चर्चमधून बहिष्कृत होतो, इतकं ते कडक आहे.

आठवत नाही ह्याची भीती नको. जी मोठी पापं आठवतात तेवढी सांगायची, साधारण किती वेळा तेही, आणि प्रामाणिकपणे विचार करूनही जे सुटलं त्याचीही क्षमा होते, पुढे कधी आठवलंच तर पुढच्या वेळी सांगायचं. पश्चात्तापाची प्रार्थना पाठ नसेल तर कागदावर लिहून न्या, खूप लोक नेतात.

फक्त एक करा, पवित्र आठवड्यापर्यंत, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत, थांबू नका. तेव्हा रांगा लांब असतात, आजूबाजूच्या पॅरिशमधून फादर मदतीला येतात, प्रत्येकाला मिनिटभर मिळतं आणि १९ वर्षं मिनिटात मावत नाहीत. ह्याच आठवड्यात, बुधवारच्या आधी, ऑफिसला फोन करून वेगळी वेळ मागा, कारण सांगायची गरज नाही, फादरांशी बोलायचंय एवढंच म्हणा. आणि आत गेल्यावर पहिलं वाक्य हे, "फादर, माझं शेवटचं कन्फेशन १९ वर्षांपूर्वी झालं, मला मदत करा." पुढचं ते विचारतील, तुम्ही उत्तरं द्या.