मॉक्सीने 122 ग्रॅमच प्राणवायू का काढला?

नासाच्या पर्सिव्हरन्स रोव्हरवरचं मॉक्सी हे प्राणवायू बनवणारं छोटं यंत्र मंगळाच्या हवेतून एप्रिल 2021 ते ऑगस्ट 2023 या काळात 16 वेळा चालून फक्त 122 ग्रॅम प्राणवायू काढू शकलं, मग याच्या जोरावर माणसं परत कशी येणार, असं विचारलंय.

एकूण ग्रॅम बघू नका, ताशी वेग बघा. पहिल्या खेपेला तासाभरात 5.4 ग्रॅम निघाले, पुढे वेग ताशी 12 ग्रॅमपर्यंत गेला. शुद्धता 98 टक्के किंवा जास्त. अडचण विजेची होती. रोव्हरचा अणुस्रोत साधारण 110 वॅट देतो, मॉक्सीला 300 च्या आसपास लागतात. म्हणजे आधी बॅटरी भरा, दोन तासांहून जास्त नुसतं तापवा, मग कुठे तासभर उत्पादन.

धूळ फिल्टरमध्ये अडते, कॉम्प्रेसर विरळ हवा दाबतो आणि ती 800 अंश सेल्सियसवरच्या 10 झिर्कोनिया (एक सिरॅमिक) सेलमध्ये जाते, ज्यांना वीज दिलेली असते. तिथे कार्बन डायऑक्साइड फुटतो. ऑक्सिजनचे आयन (विद्युतभारित अणू) तेवढे सिरॅमिकमधून पलीकडे जातात, कार्बन मोनॉक्साइड अलीकडेच राहतो. शुद्धता येते ती यामुळेच.

खरी गोम व्होल्टेजची. सेलला जवळपास 1 व्होल्ट लागतो. थोडा जास्त झाला की मोनॉक्साइडही फुटतो, काजळी धरते, कॅथोडची, म्हणजे वायू जिथे फुटतो त्या बाजूच्या थराची, छिद्रं बुजतात. सेल सगळे सारखे नसतात, त्यामुळे सगळ्यात कमजोर सेलला झेपेल तेवढाच प्रवाह द्यावा लागतो. दुसरीकडे, नुसता कार्बन डायऑक्साइड आत सोडला तर कॅथोडमधल्या निकेलचं ऑक्साइड होतं. म्हणून बाहेर पडणारा थोडा वायू मोनॉक्साइडसकट परत आत फिरवतात.

आता मोठा हिशोब. चौघांना मंगळावरून उठवायला नासाच्या अंदाजाने 7 टन इंधन आणि ते जाळायला 25 टन प्राणवायू लागेल. 14 महिन्यांत तो बनवायचा तर ताशी सुमारे 2.5 किलो, मॉक्सीच्या 200 पट. 44 ग्रॅम कार्बन डायऑक्साइडमधून 16 ग्रॅम प्राणवायू मिळतो, तेव्हा एक रेणूही वाया गेला नाही तरी 69 टन वायू ओढावा लागेल. वीज मात्र 200 पट लागणार नाही. ताशी 12 ग्रॅम काढताना 1 व्होल्टला सेल स्वतः जेमतेम 40 वॅट खातात. बाकीची वीज मुख्यतः तापवण्यात आणि हवा दाबण्यात जाते, आणि यंत्र मोठं झालं की उष्णता राखणं किलोमागे स्वस्त पडतं. नुसत्या सेलना साधारण 8 किलोवॅट धरा. कॉम्प्रेसर आणि प्राणवायू उणे 183 अंशांना द्रवरूप करणं वेगळं.

मला जास्त काळजी वाटते ती सलग 10,000 तास चालवण्याची. दर वेळी थंड होऊन पुन्हा तापलं की सिरॅमिक आणि सील ताणले जातात. मोठं यंत्र एकदा तापलं की थंड होऊच द्यायचं नाही, आणि धुळीच्या वादळात आठवडेच्या आठवडे ऊन मंदावतं, म्हणून तिथे सौर पॅनेलपेक्षा अणुभट्टीच हवी.